रांगेतली शेवटची सावली

१

शनिवारी दुपारी जेवणं उरकली की आमच्याकडे कुणी फोन उचलायचं नाही, कारण नवा भाग त्याच वेळी यायचा. आमच्याकडे म्हणजे मी आणि माझी मोठी बहीण, दोघंच. पुढे तिचं बॅगदुरुस्तीचं दुकान, मागे एक खोली आणि स्वयंपाकघर, दुकान आणि खोलीच्या मधे एक दार. ताई शटर अर्ध्यावर ओढायची, हातातलं काम घेऊन मागे यायची आणि माझ्या शेजारी बसायची. मी लॅपटॉप उघडायचो. तिच्या मांडीवर कुणाची तरी बिघडलेली चेन, माझ्या मांडीवर उशी.

बाकीचे दिवस मी एका लिफ्ट कंपनीत फोनवर बसतो. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना 'घाबरू नका, माणूस निघालाय' असं सांगायचं, मग माणूस निघालेला असो वा नसो. अशा नोकरीनंतर एखाद्याने शनिवारी तलवारी, ड्रॅगन आणि बोलकी मांजरं बघितली तर कुणाचं काय बिघडलं? चाळिशी उलटली तरी कार्टून बघतो म्हणून ऑफिसात हसतात. हसोत बापडे. जपानी अ‍ॅनिमेला कार्टून म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, मनातल्या मनात त्याला दोन मजल्यांच्या मधे अडकवून ठेवतो.

अशा मालिकांची मी परीक्षणं लिहितो. इंटरनेटवर माझं एक पान आहे, त्याला बऱ्यापैकी वाचक आहेत. त्यातले अर्धे माझ्याशी भांडायला येतात आणि उरलेले ताईसाठी. प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी मी 'ताईचं मत' म्हणून चार ओळी टाकायचो. वर मी पटकथा, रंगसंगती, पार्श्वसंगीत असं नमनालाच घडाभर तेल ओतायचो आणि खाली ताई म्हणायची, 'एवढा डोंगर चढतायत, पाण्याची बाटली एकाकडेही नाही.' लोक तेवढंच वाचायचे.

तेव्हा आम्ही 'शेवटचा दीपस्तंभ' बघत होतो. विझलेल्या दीपस्तंभाकडे एक ज्योत घेऊन निघालेली टोळी, एवढीच गोष्ट. नकाशे काढणारी मुलगी, पाण्याला घाबरणारा राक्षस, नजर कमी झालेला तिरंदाज आणि सतत खोटं बोलणारा बोका. वाटेत एकेक सोबती मिळत जातो. ज्यांना या गोष्टींचा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो, अशा मालिकांच्या सुरुवातीच्या गाण्यात पूर्ण टोळी दिसते. डोंगराच्या धारेवरून सगळे एका रांगेत चालत असतात. जे गोष्टीत आलेले असतात ते रंगीत, जे यायचे असतात ते नुसत्या करड्या सावल्या. एखादा आला की त्याच्या सावलीत रंग भरतो. इतर लोक गाणं पुढे ढकलतात. आम्ही दर वेळी बघतो. आता एकच सावली उरली होती, रांगेत सगळ्यांच्या मागे. ती कोण, यावर लोकांनी डोकं पिकवलं होतं.

त्या आठवड्यात भाग रटाळ होता. ताई सगळा वेळ एका प्रवासी बॅगेच्या चाकाशी झगडत होती, तिने मत दिलंच नाही. म्हणून मी गंमत केली. लिहिलं की रांगेतली शेवटची सावली दुसरी-तिसरी कुणी नसून आमची ताई आहे. ती येईल तेव्हा आधी तिची चप्पल ऐकू येईल, कारण डावा पाय ती घासत चालते. मग एक हात कमरेवर ठेवून ती सगळ्यांच्या पाठीवरच्या पिशव्या बघेल, जिभेने 'च्' करेल आणि विचारेल, 'ही शिवण कुणी घातली?'

वाचक खूश झाले. ताईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "मला कशाला पाठवतोस डोंगरावर? माझी गिऱ्हाईकं काय तुझा बोका सांभाळणार?"

२

पुढच्या शनिवारी गाणं लागलं आणि मी उशी बाजूला ठेवली. शेवटच्या सावलीचा एक हात कमरेवर होता.

मी मागे नेऊन बघितलं. जुने भाग काढले. तिथे दोन्ही हात सरळ खाली लोंबत होते. आता उजवा हात कमरेवर, कोपर बाहेर, आणि चालताना शरीर जरासं एका बाजूला कलतं. ताईला दाखवलं. ती म्हणाली, असतील कंबर दुखणारी माणसं त्यांच्यातही.

माझं डोकं ठिकाणावर होतं. हे भाग महिनोन् महिने आधी तयार होतात. शेकडो लोक बसून चित्रं काढतात, ती एकमेकांना जोडतात, आवाज भरतात. कुठल्या तरी कोपऱ्यातला मी गेल्या आठवड्यात एक विनोद केला म्हणून कुणी हात उचलून कमरेवर ठेवणार नाही. गाण्यात मधूनच बारीक बदल करतात, हेही आम्हाला माहीत असतं. ते हुडकून काढणं हाच तर आमचा उद्योग. म्हणजे बोलाफुलाला गाठ पडली. मी तसंच लिहिलं आणि वर मिशीवर ताव दिला की बघा, पहिला ओळखणारा मीच.

मग काय, लोकांनी उचलून धरलं. ताई आणखी काय काय करते, ते विचारायला लागले. आमच्या मागच्या गल्लीतल्या औषधांच्या दुकानात एक जण काम करतो, तोही या मालिकांचा वेडा. त्याला सगळे शंकेखोर म्हणतात, कारण शंका काढल्याशिवाय तो गोळीही देत नाही. त्यानेही लिहिलं, 'पुरावा अपुरा. अजून माहिती द्या.' मी दिली. हातात कात्री असली तरी ताई दोरा दातानेच तोडते. अडलेल्या चेनवर मेणबत्तीचा तुकडा घासते आणि घासताना एक सूर नसलेलं गाणं गुणगुणते. गिऱ्हाइकाने घाई केली की मुद्दाम सावकाश करते. लिहिताना मला फार मजा येत होती.

त्या आठवड्यात एका सकाळी मी दाढी करत होतो आणि वळलो तर ताई माझ्या मागे चहा घेऊन उभी. मी दचकलो. गाल कापला. आमच्या घरात ताई येतेय हे कधी बघावं लागत नाही, ते ऐकू येतं. लहानपणापासून मला त्या घासत्या चपलेवरून कळायचं की पांघरुणातलं पुस्तक लपवायला किती वेळ आहे. त्या सकाळी काहीच ऐकू आलं नव्हतं.

पाय बरा दिसतोय, मी म्हणालो.

"कुठला पाय?" ताईने विचारलं, आणि कप ठेवून सरळ चालत गेली.

३

त्यानंतरच्या भागात टोळी एका पडक्या पुलाजवळ मुक्काम करते. सगळे शेकोटीभोवती बसलेत, बोका नेहमीसारखा थापा मारतोय. मधेच तो गप्प होतो. कान टवकारतो. पडद्याबाहेरून, लांबून, दगडावरून काहीतरी घासत येतं. एक पाऊल टेकतं, दुसरं घासतं. टेकतं, घासतं. मग थांबतं. नकाशेवाली म्हणते की कालपासून कुणीतरी आपल्या मागे आहे.

हा आवाज मला माहीत होता. कुठल्याही चपलेचा आवाज घासला की तसाच येतो, असं मी स्वतःला म्हणत होतो, पण कान ऐकेनात. डाव्या पायाची ती टाच उचलण्याआधीची किंचित अडखळ मी तीसेक वर्षं ऐकत आलोय.

मी ताईकडे बघितलं. दुसऱ्याच्या घरचे फोटो बघावेत तशी ती पडद्याकडे सौजन्याने बघत होती. भाग संपल्यावर मी विचारलं, कसा वाटला? ती म्हणाली, "छान आहे."

ताई छान आहे असं कधीच म्हणत नाही. एखादी गोष्ट आवडली तर ती म्हणते, 'बरं आहे, पण'. त्या 'पण' वर माझं पान चाललं होतं. मी पुन्हा विचारलं, पुलाबद्दल काही? शेकोटीबद्दल? ती विचार करून म्हणाली की सगळंच छान होतं. त्या दिवशी 'ताईचं मत' मी मनाने रचलं. ते कुणाला कळलं नाही याचं मला वाईट वाटलं.

सोमवारी मी ऑफिसला उशिरा निघालो आणि दुकानात जाऊन बसलो. ताई एका शाळेच्या दप्तराला पट्टा लावत होती. दोरा संपला तेव्हा तिने कात्री उचलली आणि नीट, कडेने कापला. दुसऱ्या बॅगेची चेन अडली तर तिने तेलाची बाटली काढली. मेणबत्तीचा तुकडा तिथेच टाचण्यांच्या डब्यात होता, त्यावर धूळ बसली होती. काम उत्तम चाललं होतं. हात सफाईने फिरत होते. फक्त दुकानात कसलाच आवाज नव्हता.

शाळेची बस चालवणारी एक बाई नेहमी येते, तिचं आणि ताईचं भांडण म्हणजे अर्ध्या रस्त्याची करमणूक. ती दप्तर घेऊन निघाली, मग दारातून परत आली आणि मला बाजूला बोलावून म्हणाली, "ताई हल्ली भांडत नाहीत. दिलं, घेतलं, झालं. बरं नाहीये का त्यांना?"

४

मी ताईला डॉक्टरकडे नेलं. ती आली, कुरकुर न करता आली, आणि तीच मला मोठी काळजीची गोष्ट वाटली.

डॉक्टरीणबाई आमच्या ओळखीच्या नव्हत्या. त्यांनी ताईला चालवलं, बोलतं केलं, आकडे उलटे म्हणायला लावले. रक्त तपासलं. सगळं ठीक. मी पायाचं सांगितलं. डाव्या पायाचं हाड जुनं मोडलेलं आहे, म्हणालो, ते कधी नीट जुळलं नाही, म्हणून ती पाय घासते. घासायची. त्यांनी फोटो काढला आणि दिव्यासमोर धरून बराच वेळ बघितला. मग विचारलं, नक्की हाच पाय ना?

हाच पाय. मी शाळेत होतो. आई-वडील दोघेही तेव्हा गेलेले, घरात ताईच सगळं. सकाळी माझा शर्ट इस्त्री करत होती, मी मागून येऊन तिला घाबरवलं आणि ती जड इस्त्री तिच्या पायावर पडली. ताई रडली नाही. त्याच पायाने मला शाळेत सोडून आली आणि मग दवाखान्यात गेली. पुढे कुणी पायाचं विचारलं की सांगायची, आमच्या साहेबांचा शर्ट फार महाग पडला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे हाड कधी मोडलं असेल असं वाटत नाही. फार छान आहे हाड."

बाहेर आल्यावर मी ताईला विचारलं, इस्त्री आठवते ना? तिने माझ्याकडे बघितलं. ती आठवायचा प्रयत्न करतेय हे मला दिसत होतं, आणि माझं मन राखावं म्हणून ती 'हो' म्हणाली. मला रस्त्यातच रडू आलं. इस्त्रीची गोष्ट मी आदल्याच आठवड्यात पानावर लिहिली होती. खूप लोकांना आवडली होती.

५

मन चिंती ते वैरी न चिंती. म्हणून मी ठरवलं की मनाचं ऐकायचं नाही, कुणातरी कोरड्या माणसाला विचारायचं. शंकेखोराइतका कोरडा माणूस माझ्या ओळखीत नाही. त्याच्या दुकानात गर्दी नसताना गेलो आणि विचारलं, ताईत काही फरक वाटतो का?

तो म्हणाला, नाही बुवा.

पाय घासायची, आता घासत नाही, मी म्हणालो. दोरा दाताने तोडायची. गुणगुणायची. भांडायची.

तो गोंधळला. ताई त्याच्या लहानपणापासून त्याच्या बॅगा शिवत आल्या आहेत, मागे एकदा तर त्यांनी त्याला पक्कड घेऊन पळवून लावलं होतं. तो म्हणाला, "ताई कुठे असं करायच्या? हे तर त्या मालिकेतल्या शेवटच्या सावलीचं आहे. तुम्ही जास्त बघता हो, जरा कमी करा."

तो चेष्टा करत नव्हता. त्याने मला एक साधी झोपेची गोळी सुचवली आणि ती लागतेच का, अशी शंकाही काढली.

घरी येऊन मी सगळी जुनी परीक्षणं उघडली. ताई ज्या ज्या ओळीत होती ती ओळ पुसली. पण पुसून काय होणार? लोकांनी ते आधीच वाचलं होतं, एकमेकांना सांगितलं होतं, पाठ केलं होतं. शनिवारी मी एकटाच बसलो. ताई दुकानातच थांबली, बोलावलं तरी आली नाही. गाण्यात शेवटच्या सावलीत रंग भरत आला होता. चपला तपकिरी. हातावर सुईने टोचलेल्या जुन्या खुणा. कमरेला हत्यारांची पिशवी, तिची शिवण इतकी नीट की मी एरवी त्यावर परिच्छेद लिहिला असता. रंग पायापासून गळ्यापर्यंत चढला होता. त्याच्या वर तेवढं करडं.

तेव्हा मला कळलं. सख्ख्या बहिणीचा चेहरा कसा आहे, हे कुणी लिहीत बसत नाही. मीही कधी लिहिलं नव्हतं. तो तेवढा अजून घरात होता. इथेही मी तो लिहिणार नाही, कुणी कितीही विचारलं तरी.

६

त्यानंतर मी काहीच लिहिलं नाही. आणि मालिका थांबली. म्हणजे भाग येत राहिले, पण त्यात काही घडेना. टोळी डोंगराच्या धारेवर बसून राहिली. तिरंदाज बाण साफ करतोय, राक्षस झोपलाय, बोका एकदाही खोटं बोलत नाही. सगळे मागे बघतायत. मागे वळणावर कुणीतरी उभं आहे, त्यांच्याकडे पाठ करून. लोक चिडले. नुसते भरतीचे भाग काढतायत म्हणाले, चेहरा कधी दाखवणार म्हणाले. मला वाचवत नव्हतं.

घरात ताई आणखी हलकी झाली. रागावायची नाही, हसायची नाही, जेवायला वाढलं तर जेवायची. गिऱ्हाईक कमी झालं. मी ऑफिसातून फोन करायचो तेव्हा ती उचलायची आणि पलीकडे नुसती थांबायची. पण मी घरी आलो की मान वर करून बघायची, आणि तो चेहरा ताईचाच होता. त्या चेहऱ्यासाठी मी धावत घरी यायचो. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना मी आता नीट उत्तरंही देत नव्हतो.

एका संध्याकाळी मी भांडी घासत होतो आणि ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी स्वतःहून बोलली. म्हणाली, "मला हल्ली वाटतं की मी कुठेतरी जायला निघालेय. सामान पुढे गेलंय. आणि तू दार अडवून उभा आहेस."

मी म्हणालो, मग उभाच राहणार.

"दमायला होतं रे," ती म्हणाली. रागाने नाही, सांगायचं म्हणून सांगितलं. मी साबणाच्या हातांनी तिचा हात धरला. मी स्वार्थी आहे, माहीत आहे मला. तिला मी सोडू शकत नव्हतो. तिच्याशिवाय मला या जगात शहाणा करणारं कुणी नाही.

हे असं किती दिवस चाललं असतं सांगता येत नाही. दोन दिवसांनी शनिवार होता. सकाळी मी शंकेखोराकडे ताईसाठी शक्तीची गोळी आणायला गेलो. तो माझीच वाट बघत होता. हा चित्रं बरी काढतो, आवडत्या पात्रांची काढून आपल्या पानावर टाकतो. आम्हा लोकांत ती पद्धतच आहे, मालिका जे दाखवत नाही ते आपण काढायचं. त्याला वाटलं होतं की मी लिहीत नाही, ताई गप्प गप्प असतात, तर दोघांनाही जरा बरं वाटेल असं काहीतरी करावं. मनाने फार चांगला आहे तो.

त्याने फोन पुढे केला. शेवटचा सोबती पूर्ण रंगात काढला होता. चपला, पिशवी, कमरेवर हात. आणि चेहरा.

"तुमच्या ताईंचाच दिलाय," तो म्हणाला. "काल टाकलं. हजारो लोकांनी पुढे पाठवलं. हुबेहूब आलाय ना?"

हुबेहूब आला होता. एक सुरकुतीही इकडची तिकडे नव्हती.

७

मी मागच्या गल्लीतून धावत मागच्या दाराने घरात आलो. मधलं दार उघडं होतं. ताई नेहमीसारखी दुकानात, रस्त्याकडे तोंड करून शिवणयंत्रावर बसलेली. मला तिची पाठ दिसत होती. अंबाडा, गळ्यातली मोजपट्टी, पुढे वाकलेले खांदे. यंत्र चालू होतं.

मी ताई म्हणून हाक मारली.

यंत्र थांबलं. तिचा उजवा हात चाकावरून खाली आला. खांदा हलला, मान वळायला लागली, कानाची पाळी दिसली, तिच्यापुढचा गालाचा एवढासा भाग दिसला, उजेडात, गुळगुळीत, आणि मी ओरडलो, "नको. वळू नकोस. असू दे."

ती थांबली. मग मान पुन्हा रस्त्याकडे गेली आणि यंत्र चालू झालं.

तेव्हापासून आम्ही असेच राहतो. तिचं ताट मी मधल्या दाराशी ठेवतो आणि भिंतीकडे तोंड करून बसतो. तिचं झाल्यावर ती भांडं वाजवते. झोपताना ती कुशीवर, मी दुसऱ्या कुशीवर. माणसाला सवय कशाचीही होते. मालिका मी बघत नाही. ऐकतो की शेवटचा सोबती एकदाचा आला, टोळी चालू लागली, आणि लोकांच्या मते मालिकेतलं सगळ्यात जिवंत पात्र तेच आहे. शंकेखोर सांगतो की चेहरा अगदी त्याच्या चित्रासारखा आहे. त्याला वाटतं त्याने तो मनाने काढला.

दुकान चालू आहे. काम चोख होतं, म्हणून लोक येतात. सुट्टीच्या दिवशी मी मधल्या दारात खुर्ची टाकून बसतो आणि तिच्या पाठीवरून गिऱ्हाइकांकडे बघतो. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतं का, म्हणून. काही विशेष कळत नाही. कुणी किंचाळत नाही, पळत नाही. येतात, ताईकडे बघतात, मग बॅगेकडे बघतात. चेन दाखवतात, कधी मिळेल विचारतात. पण एकदा नजर बॅगेवर गेली की ती पुन्हा वर येत नाही. सगळं बोलणं बॅगेशीच होतं. निघतानाही बॅगेलाच सांगतात, येतो म्हणून. बसवाल्या बाईही.

काल दुपारी कुणी नव्हतं. ताईने यंत्र थांबवलं. आवाज तिचाच होता, निदान मला तसा वाटला.

"किती दिवस पाठमोरी ठेवणार आहेस मला?"

मी तिच्या अंबाड्याकडे बघत राहिलो.

"चेहरा आठवतो ना माझा?" तिने विचारलं. "तेवढा तुझ्याकडे असला तर बाकी कसंही चालेल."

मी हो म्हणालो. मग डोळे मिटले आणि ताईला आठवलं, मला शाळेच्या दारात सोडताना, पक्कड दाखवून हसताना, माझ्या शेजारी बसून पडद्याला नावं ठेवताना. दर वेळी ती माझ्याकडे वळली आणि दर वेळी शंकेखोराने काढलेलं चित्र आलं.